रविवारचा भोंगा

कन्हानला खाणीच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहत होतो तेव्हा आमच्या घरात दोन खोल्या, एक लांब व्हरांडा, मागे पत्र्याच्या खोलीत कोंबड्या आणि एक अख्खी मंडळी होती. मंडळी म्हणजे पाहुणेरावळे नव्हेत. आम्ही मेथडिस्ट ख्रिस्ती. दर रविवारी उपासनेला एकत्र जमणाऱ्या लोकांना आम्ही मंडळी म्हणतो, आणि कन्हानच्या मंडळीला स्वतःचं चर्च नसल्यामुळे ती आमच्या व्हरांड्यात भरायची. मला कळायला लागलं तेव्हापासून ती आमच्याच घरची आहे असं मी धरून चालले होते, कोंबड्यांसारखीच. शाळेत बाईंनी विचारलं, घरी कोण कोण असतं, तर मी आई, बाबा, मी आणि मंडळी असं सांगून टाकलं. सगळा वर्ग हसला, आणि घरी येऊन सांगितल्यावर आईही पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत बसली होती.

बाबांचं नाव दानिएल, आईचं मार्था, माझं एस्तेर. खाणीच्या पॉवरहाउसमध्ये बाबा ऑपरेटर होते आणि रविवारी आमचे उपदेशक. पगारी पाळक नव्हेत. आमच्यात साध्या नोकरदार माणसालाही परीक्षा देऊन उपदेश करायची परवानगी मिळते, तसे. खरे पाळक नागपूरहून महिन्यातून एकदा यायचे, प्रभुभोजन द्यायचे, एखादं बाळ असलं तर त्याचा बाप्तिस्मा करायचे आणि आईच्या हातचं जेवून दुपारच्या गाडीनं परत जायचे. बाकीचे सगळे रविवार बाबांचे. मशिनीच्या घरघरीत बोलायची सवय असल्यामुळे त्यांचा उपदेश समोरच्या लायनीतल्या लोकांनाही घरबसल्या मिळायचा. त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही, उलट एखाद्या रविवारी बाबांचा घसा बसला तर शेजारच्या बायका आईला विचारायच्या, काहून वं, आज तुमचे हे बोलले नाही?

सुरुवातीला मंडळी म्हणजे आम्ही आणि योनाकाका, एवढीच होती म्हणे. योनाकाका खाणीत छताला लाकडी टेकू देणारे टिंबरमिस्त्री होते आणि त्यांच्याकडे ढोलकी होती. ढोलकी वाजली की माणूस खिडकीतून डोकावतो, डोकावला की आई त्याला चहा विचारते, आणि आईचा चहा घेतलेला माणूस पुढच्या रविवारी तोंड चुकवू शकत नाही. आमची मंडळी अशी वाढली. मग छत्तीसगडकडचं एक कुटुंब आलं. मग एक तेलगू कुटुंब आलं. त्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण भजनांच्या चाली त्यांच्याकडेही त्याच होत्या, त्यामुळे आम्ही मराठीत आणि ते तेलगूत एकाच वेळी गायचो आणि शेवटच्या आमेनला सगळे बरोबर एकत्र पोचायचो. तो आवाज माझ्या कानात अजून आहे. आता मी नागपुरात सक्करदऱ्याला लेकीकडे राहते, तिथल्या चर्चमध्ये भजनाचे शब्द भिंतीवर दिव्यानं दाखवतात, गुबगुबीत खुर्च्या आहेत, पंखे आहेत, आणि तरी लोक असं गातात की शेजारच्याला त्रास होऊ नये. मी मात्र कन्हानसारखीच गाते. नात मला कोपरानं ढोसते आणि मी तिला ढोसते.

शनिवारी संध्याकाळी आमच्या घराची उलथापालथ व्हायची. खाटा अंगणात, पाण्याचे माठ न्हाणीत, कोंबड्या पत्र्याच्या खोलीत बंद. बाबांची लोखंडी ट्रंक व्हरांड्याच्या टोकाला ठेवून तिच्यावर आई पांढरी चादर घालायची, चादरीवर पितळी क्रूस आणि पेल्यात जास्वंदीची फुलं. कोळशाची धूळ एवढी की सकाळपर्यंत चादरीवर राखाडी पदर चढायचा, म्हणून आईनं चादर रविवारी पहाटे उलटी करायचा नेम ठेवला होता. ट्रंकेच्या डाव्या अंगाला माझी बाजाची पेटी. नागपूरच्या चर्चनं नवीन घेतल्यावर ही जुनी आम्हाला दिली होती, तिची एक पट्टी मुकी होती आणि त्या सुरापाशी मी तोंडानं गाऊन वेळ मारून नेत असे. पंधराव्या वर्षी मी कन्हानच्या मंडळीची वादक होते आणि त्याचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू.

उपासनेनंतर आई गोळाभात करायची. हरभऱ्याच्या भरड डाळीचे तिखट गोळे भाताबरोबरच शिजवायचे, आणि वरून लसणाची कडकडीत फोडणी. प्रार्थना चालू असतानाच चुलीवरून वास यायला लागायचा, आणि बाबांची शेवटची प्रार्थना लांबली की योनाकाका आमेन जरा लवकर आणि जरा मोठ्यानं म्हणायचे. बाबांना ते कळायचं. एकदा ते डोळे मिटलेल्या अवस्थेतच म्हणाले होते, "थांब गा योना, अजून आजाऱ्यांसाठी मागायचं राहिलं."

आता भोंग्याकडे येते, कारण सगळं त्याच्यावरच होतं. खाणीचा भोंगा पॉवरहाउसच्या गच्चीवर बसवलेला होता आणि पाळी बदलली की वाजायचा. कन्हानमध्ये घड्याळं थोडी होती आणि जी होती त्यांच्यावर कोणाचा भरवसा नव्हता. पोरं भोंग्यावर उठायची, बाया भोंग्यावर भात उतरवायच्या. रविवारी खाण बंद असायची, तरी सकाळी नऊला एकदा भोंगा व्हायचाच, आणि तीच आमची घंटा होती. शनिवारची रात्रपाळी बाबा नेहमी मागून घ्यायचे. ती रविवारी नऊला सुटायची. भोंगा झाला की लायनीतून आमचे लोक केसांत कंगवा फिरवत निघायचे, तेवढ्यात बाबा सायकलवरून यायचे, हात धुऊन काळा कोट अंगात चढवायचे, आणि मी पेटीचा भाता सोडायची. इतक्या वर्षांत ह्यात कधी खंड पडला नव्हता.

अशात एकदा नागपूरच्या पाळकांनी जेवता जेवता बातमी सांगितली. ठिकठिकाणी घरांतून भरणाऱ्या लहान मंडळ्यांना पाळक पुरवणं चर्चला जड जात होतं. डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट, म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या पाळकांवरचे साहेब, स्वतः फिरून बघणार होते. जी मंडळी जिवंत दिसेल तिला स्वतःचा पाळक मिळणार, आणि बाकीच्या बंद करून त्यांच्या लोकांनी रविवारी नागपूरच्या चर्चला जायचं. ऐकायला सोपं होतं. पण कन्हानहून नागपूरला दर रविवारी कोण जाणार? योनाकाकांचे गुडघे गेलेले, तेलगू कुटुंबात पाच लेकरं, कोणाची पंपावरची पाळी दुपारी सुरू व्हायची. मंडळी बंद म्हणजे आमची माणसं चहूकडे पांगणार हे सगळ्यांना दिसत होतं. पाळक गेल्यावर आईनं ताटं उचललीच नाहीत. ती ट्रंकेकडे बघत म्हणाली, "मंग रविवारी मी काय करू? कोणासाठी घर झाडू?" बाबांनी नुसतं पाणी प्यायलं. मला पेटीची काळजी लागली होती, ती परत न्यायला येतील असं वाटत होतं, आणि त्या कल्पनेनंच मला रडू आलं.

साहेब यायच्या आधीच्या रविवारी बाबांनी उपदेशाच्या शेवटी सूचना दिली. "पुढच्या इतवारी मोठे साहेब येऊन राहिले. त्यायले शिस्त दिसली पाहिजे. कोणी आधी येऊन अंगणात गप्पा मारत उभं राहू नका. भोंगा झाला की सगळ्यांनी एकदम या, धुतलेले कपडे घालून, लेकराईचं नाक पुसून." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या शनिवारची रात्रपाळी बाबांनी पहिल्यांदाच सोडली. साहेब आठ-साडेआठला येणार, आपण घरी हवं, म्हणून त्यांनी शेजारच्या रामटेकेकाकांशी पाळी बदलली. रामटेकेकाका बाबांसारखेच ऑपरेटर, कुटुंब बौद्ध, लायनीच्या टोकाला असलेल्या विहाराचे सेक्रेटरी. त्यांची आणि बाबांची धर्मावरून जुंपायची आणि भाजीची वाटी मात्र रोज भिंतीवरून इकडून तिकडे जायची.

रविवार उजाडला. आईनं अंगण दोनदा झाडलं. मी आकाशी झगा घातला होता. साहेब जीपमधून आले, उंच, गोरे, चष्म्याची काच रुमालानं पुसत. चहा घेतला, आमची ट्रंक बघितली, पितळी क्रूस हातात घेऊन खाली ठेवला. "सुंदर," म्हणाले. मग मनगटावरचं घड्याळ बघून म्हणाले, "मला अकराला कळमेश्वरला पोचायचं आहे, वेळेवर सुरू करू या." बाबा म्हणाले, "अगदी वेळेवर साहेब. भोंगा झाला की माणसं येतील." आम्ही बसलो. चटया अंथरलेल्या, व्हरांडा रिकामा, साहेब खुर्चीत, बाबा काळ्या कोटात. खुराड्यात कोंबडी ओरडत होती. साहेबांनी पुन्हा घड्याळ बघितलं. नऊ वाजून गेले होते.

भोंगा झाला नाही.

मी बाबांकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं त्यांना काही होतंय. ते उठले, साहेबांना म्हणाले, "एक मिनिट," आणि माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात घेऊन आले. आई तिथे डाळ भरडत होती. बाबा खालच्या आवाजात म्हणाले, "एस्तेर, भोंगा होणार नाही."

"काहून?" मी विचारलं.

"इतवारी भोंगा नसतेच. कंपनीचा हुकूमच नाही. मीच वाजवत होतो."

आईचा हात जात्यावर थांबला. "इतके साल?"

"इतके साल," बाबा म्हणाले. "पाळी सुटताना एकदा दाबून द्यायचो. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आणि आज मीच घरी हाय."

मी आयुष्यात खूप चकित झाले आहे, पण इतकी क्वचितच. ज्या भोंग्यावर कन्हानचा रविवार चालायचा तो माझे बाबा चोरून वाजवत होते! आईला वाटे तो पंपवाल्यांच्या पाळीचा असतो. योनाकाकांना वाटे साहेबलोकांच्या क्लबचा असतो. आणि बाबा स्वतःही त्याला इतके सरावले होते की पाळी बदलताना, आपण नसलो तर बटण दाबणार कोण, हे त्यांच्या मनातच आलं नाही. आता कन्हानभर आमचे लोक धुतलेले कपडे घालून, लेकरांची नाकं पुसून, शिस्तीत भोंग्याची वाट बघत घरी बसले होते. बाबांनीच त्यांना तसं सांगितलं होतं. "जा," आई मला म्हणाली, "सायकल काढ. रामटेकेभाऊले सांग, दाब म्हणा. साहेबाले मी चहा देतो अजून."

बाबांच्या मोठ्या सायकलवर माझे पाय पुरत नव्हते, मी दांडीखालून पाय घालून कैची चालवायची. झगा वर खोचला आणि सुटले. उतारावर डांगरं विकायला चाललेली एक बाई टोपलीसकट बाजूला झाली आणि मागून शिव्या दिल्या, त्या मी ऐकल्या नाहीत, म्हणजे ऐकल्या पण थांबले नाही. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. एवढं महत्त्वाचं काम मला कोणी कधी दिलं नव्हतं. पॉवरहाउसच्या दारात रामटेकेकाका डबा घेऊन निघतच होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग डबा खाली ठेवून कमरेवर हात देऊन हसायला लागले. "अरे बाप्पा! आणि मले वाटे दानिएलले वरून ऑर्डर हाय. मीही तर विहारातून दर इतवारी ऐकतो तो भोंगा."

"काका, दाबा ना लवकर."

त्यांचं हसू थांबलं. "आता नाही दाबता येत, पोरी. नऊचा नऊले झाला तर ठीक. अवेळी भोंगा म्हणजे खाणीत काही झालं. खाली पंपावर माणसं हायेत. त्यायच्या बायका रडत खाणीच्या तोंडाशी धावतील. तसं नाही करायचं."

हे मला समजायला क्षणभरही वेळ लागला नाही. अवेळी भोंगा झाल्यावर बायका कशा धावतात हे मी एकदा बघितलं होतं, आणि त्यांच्यात माझी आई होती. मी तिथेच सायकल धरून उभी राहिले आणि रडू लागले. काकांनी स्वतःची सायकल काढली. "रडून काय होते? चल माह्या मागं. विहारात माईक हाय."

आम्ही दोघं असे सायकली हाणत निघालो की कुत्री मागे लागली. विहारात त्यांची रविवारची वंदना होती, ती नऊलाच सुटायला हवी होती, पण एक गृहस्थ भाषणाला उभे होते आणि त्यांचं भाषण संपत नव्हतं. का संपत नव्हतं ते मला दारातच उमगलं. दर रविवारी भोंगा झाला की ते थांबायचे! माणसं चुळबुळत होती, लेकरं मातीवर आडवी झाली होती, आणि रामटेकेकाकू पांढरं लुगडं नेसून खिरीच्या गंजाजवळ, म्हणजे पातेल्याजवळ, हात बांधून उभ्या होत्या. काकांनी त्यांच्या कानात काही सांगितलं. काकू थेट पुढे गेल्या, त्या गृहस्थांना नमस्कार केला, त्यांच्यासमोरचा माईक काढला आणि माझ्या हातात दिला. "घे वं. बोलाव तुह्या लोकाईले."

माईक हातात आला आणि मला शब्द सुचेना. काय म्हणायचं? भोंगा झाला आहे असं समजून या? मी हॅलो म्हटलं, ते पूर्ण लायनीत घुमलं आणि मी आणखी घाबरले. मग मी तेच केलं जे मला येत होतं. आमचं आरंभाचं भजन सुरू केलं, पेटीशिवाय, डोळे मिटून, बाबांच्या आवाजाएवढ्या आवाजात. पहिलं कडवं संपेपर्यंत लांबून कुठूनतरी ढोलकी वाजली. योनाकाका! ते घरातून निघाले होते, अर्ध्या गालावर साबण तसाच, आणि गळ्यात अडकवलेली ढोलकी चालता चालताच वाजवत होते. मागोमाग तेलगू आवाज मिसळले. दारं उघडली. माझ्या अंगावर काटा आला, आज लिहितानाही येतो आहे. कडवं झाल्यावर काकूंनी माईक माझ्याकडून घेतला आणि मोकळ्या आवाजात सांगितलं, "मार्थाबाईच्या घरी मोठे साहेब आले. ज्याले ज्याले जायचं हाय त्यानं लवकर चला."

कोणी जायचं हे काही त्यांनी सांगितलं नाही. आणि अर्ध्या तासापासून एका भाषणात अडकलेल्या माणसांना कुठेतरी जायला सांगितलं, तर ती जाणारच. आम्ही गल्लीतून निघालो तेव्हा पुढे योनाकाका, मागे मी सायकल ढकलत गाते आहे, मागे आमची मंडळी, आणि तिच्यामागे अख्खा विहार, पाठोपाठ समोरच्या लायनीतले लोक, पोरं, मघाची ती डांगरवालीसुद्धा. काकांच्या खांद्यावर विहाराची गुंडाळलेली सतरंजी होती, कारण आमच्या चटया पुरणार नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

साहेब जीपजवळ उभे होते. निघायच्या बेतात होते म्हणा ना. आईनं तिसरा चहा पुढे केला होता आणि तो त्यांनी घेतला नव्हता. आम्हाला बघून ते परत येऊन खुर्चीत बसले. व्हरांडा भरला, अंगण भरलं, कुंपणावर पोरं बसली. मी पेटी ओढली, भजन झालं, आणि कन्हानमध्ये तसं गाणं त्याआधी झालं नव्हतं. बाबांचा चेहरा उजळला होता. मग साहेब उठले, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि शांतपणे म्हणाले, "फार आनंद झाला. आता ह्या मंडळीचे जे सभासद आहेत त्यांनीच फक्त उभं राहावं."

आमचे लोक उभे राहिले. बसलेल्या त्या गर्दीत उभे राहिलेले किती थोडे दिसत होते! रामटेकेकाकू खाली बसून माझ्याकडे बघत होत्या, त्यांनाही कळलं होतं. साहेबांनी हलकेच मान हलवली आणि बाबांना उपदेश सुरू करायला सांगितलं. बाबांनी बायबलमधल्या मोहरीच्या दाण्याच्या गोष्टीवर उपदेश तयार केला होता, आठवडाभर आम्हाला पाठ होईपर्यंत ऐकवला होता. त्यांनी पुस्तक उघडलं, मिटलं आणि कोटाचं बटण काढलं.

"साहेब," ते म्हणाले, "मी आज उपदेश करणार नाही, खरं सांगतो. ह्या लोकाईले मी इतके साल कंपनीच्या भोंग्यावर बोलावत होतो, हुकूम नसताना. ते माह्या हातून आतापासून होणार नाही. आज भोंगा झाला नाही आणि कोणी आलं नाही, ते माह्या सांगण्यामुळं. हे जे बसले हायेत ते आमच्या मंडळीचे नाहीत, ते शेजारी हायेत. गर्दी पाहून तुमचा गैरसमज होऊ नये. मंडळी म्हणजे जे उभे राहिले तेवढीच. पण त्यातलं एक घरही सुटलं नाही, ते पाहून घ्या." एवढं बोलून ते खाली बसले. इतका छोटा उपदेश त्यांनी जन्मात केला नव्हता. मागे पाळ्यांच्या वेळा लिहिणारे खाणीचे टाइमकीपर उभे होते, त्यांच्यासमोर त्यांनी भोंग्याचं सांगून टाकलं होतं, आणि आईनं डोळे मिटून घेतले होते.

साहेबांनी उभ्या असलेल्या लोकांवरून पुन्हा नजर फिरवली. मग त्यांनी वळून, बाबांना नव्हे, दारात उभ्या असलेल्या आईला विचारलं, "बाई, पाळकाला राहायला खोली कुठली देणार?"

आईला प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "मागची देतो ना साहेब. कोंबड्या आजच काढतो." आणि व्हरांड्यात जो हशा पिकला त्यात साहेबही होते. ते कळमेश्वरला उशिरा पोचले, कारण गोळाभात खाल्ल्याशिवाय आईनं त्यांना सोडलं नाही. फोडणीचा तेलकट तिखट घास पोटात गेल्यावर त्यांचे कान लाल झाले, आणि तरी त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला. मला हाक मारून म्हणाले, "गाणाऱ्या मुली, ही मुकी पट्टी दुरुस्त करून घे." म्हणजे पेटी आमच्याकडेच राहणार होती. मी मागे जाऊन कोंबड्यांच्या खोलीत एकटीच नाचले.

पुढे कन्हानला चर्च झालं, विटांचं, लाल कौलांचं, आता तर त्याला मागे एक हॉलही आहे, आणि नाताळला बाहेर मांडव घालावा लागतो इतकी माणसं होतात. त्या तेलगू कुटुंबातला एक मुलगा तिथे पाळक होऊन गेला. पण मला लिहायचं आहे ते पहिल्या पाळकांच्या पहिल्या रविवाराबद्दल. ते तरुण होते, नुकतं लग्न झालेले, पत्र्याच्या खोलीला चुना लावून आईनं पडदे शिवले होते. मंडळीसाठी मागवलेली घंटा अजून आली नव्हती. भोंगा नाही, घंटा नाही, म्हणून आमचे लोक घाबरून सातपासूनच येऊन बसले होते; एक घर म्हणून मागे राहिलं नव्हतं. बाबा पहिल्यांदाच पहिल्या ओळीत, चटईवर, बाकीच्यांसारखे बसले होते. त्यांनी शनिवारची रात्रपाळीच सोडून दिली होती आणि टाइमकीपरला बघितलं की रस्ता बदलायचे.

नऊ वाजले आणि भोंगा झाला. पूर्ण, लांबलचक, नेहमीसारखा. सगळी मंडळी एकदम बाबांकडे वळली. बाबांनी दोन्ही हात वर केले, जणू पोलिसानं धरलंय. "मी इथं हाय गा," ते म्हणाले, "मी नाही." तेव्हा मागून टाइमकीपरच बोलले, सुपरिंटेंडंट साहेबांच्या त्या रविवारनंतर ते आजच परत आले होते. रामटेके मॅनेजरसाहेबांकडे गेले होते, म्हणाले, भोंगा वेळेवर चालतो का हे आठवड्यातून एकदा तपासायला हवं, रविवारी नऊला तपासू का? मॅनेजरसाहेबांनी लगेच हो म्हटलं होतं. इतकी वर्षं बाबा जे चोरून करत होते ते विचारलं असतं तर सरळ मिळालं असतं, आणि हे कळल्यावर आई इतकी हसली की तिला पेल्यातलं पाणी द्यावं लागलं.

नवीन पाळक मात्र गोंधळले होते. ते पुस्तक हातात धरून उभे होते, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी बाबांना विचारलं, "हा भोंगा कशाचा?"

बाबांनी डोळे पुसले. "काही नाही पाळकसाहेब," ते म्हणाले, "शेजारी बोलावून राहिले. सुरू करा."

मी पेटीचा भाता सोडला.